वास्तूचे धनी आणि वास्तूचे चाकर

लखनौचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा इमारतींचा इतिहास लिहितो. कोणत्या नबाबाने कोणता इमामबाडा बांधला, कोणत्या कोठीवर किती खर्च झाला, १८५७ च्या धामधुमीत कोणत्या भिंतीस तोफेचे गोळे लागले, हे सारे त्यात सविस्तर येते. त्या इमारती पहाटे झाडणारा, सायंकाळी त्यांत दिवे लावणारा, पखालीने पाणी आणणारा आणि रात्री फाटकावर उभा राहणारा माणूस मात्र त्या ग्रंथांत सहसा भेटत नाही. वास्तूचे धनी या शहरात अनेक वेळा बदलले. नबाब गेले, कंपनी आली, कंपनी गेली, राणीचे राज्य आले, तेही गेले. या प्रत्येक खेपेस तिच्या चाकरांचे काय झाले, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

हा प्रश्न आमच्या वाचकांस परका वाटू नये. महाराष्ट्राबाहेर ज्यांची नेमणूक झाली आहे त्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या मेजावर दरवर्षी साफसफाईचे व पहारेकऱ्यांचे टेंडर येते. जुना ठेकेदार जातो, नवा येतो. कागद त्याच फायलीत लागतात, आणि कचेरीचा जिना झाडणारी बाई कधी तीच राहते, कधी दुसरी येते. ती का राहिली वा का गेली, हे फायलीत लिहिलेले नसते.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुण्यात वाढलेल्या माणसास 'फरासखाना' म्हटले की पोलीस चौकी आठवते. परंतु फरास, किंवा येथल्या बोलीत फर्राश, म्हणजे जाजमे अंथरणारा, तंबू ठोकणारा, दालने झाडून सजविणारा नोकर. पेशव्यांच्या दरबारीही तो होता आणि अवधच्या नबाबाच्या दरबारीही. त्याच्या बरोबरीने मशालची, भिश्ती, दरबान, माळी व झाडूवाला अशी सारी पथके येत. राजवाडा म्हणजे जशी भिंती आणि कमानी, तशीच ही माणसेही. तीन दिवस ती आली नाहीत तर संगमरवरावर कबुतरांचे राज्य होते.

या माणसांची भाकरी कोणाशी बांधलेली असे? आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. ती धन्याशी बांधलेली असेल तर धनी गेला की भाकरी गेली. ती वास्तूशी बांधलेली असेल तर धनी कोणीही येवो, जोवर वास्तू आहे तोवर चाकर आहे. आपल्याकडील गावगाड्यात ही दुसरी तऱ्हा चांगली रुजलेली होती. देवळाचा गुरव हा कोणा पाटलाचा नोकर नव्हे. पूजेअर्चेची, झाडलोटीची व दिवाबत्तीची त्याची सेवा देवळाच्या इनामास चिकटलेली होती. निजामशाही, आदिलशाही, स्वराज्य, पेशवाई अशी राज्ये पालटली तरी देवापुढला दिवा आणि तो लावणाऱ्याची जमीन बहुधा टिकली. १८१८ नंतर इंग्रजांनी इनामांची कठोर छाननी केली, तथापि देवस्थान इनाम नावाचा वर्ग त्यांनाही ठेवावाच लागला.

उलट धन्याशी बांधलेल्या चाकरीचे काय होते, याचा दाखला लखनौपासून फार दूर नाही. कानपूरजवळ गंगेच्या काठी ब्रह्मावर्त आहे. दुसऱ्या बाजीरावास कंपनीने सालिना आठ लाखांचे पेन्शन देऊन तेथे ठेवले होते, आणि त्याच्याबरोबर आलेल्या आश्रितांची, भिक्षुकांची व नोकरचाकरांची वस्तीच तेथे उभी राहिली होती. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला आणि ते पेन्शन दत्तक पुत्रास, म्हणजे नानासाहेबास, देण्याचे कंपनीने नाकारले. इतिहासकार येथून नानासाहेबाच्या अर्जांचा व विलायतेस पाठविलेल्या वकिलाचा माग काढतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आठ लाखांतून ज्यांच्या चुली पेटत त्यांच्या वतीने विलायतेस कोण जाणार होते? पुढे तीन वर्षांत नागपूर व झाशी येथेही हेच घडले. वाडा राहिला, धनी गेला, चाकर रस्त्यावर आले.

अवधच्या दरबाराने मात्र, जाणून असो वा नसो, एक निराळी युक्ती काढली. तिचे मूळ कंपनीच्या कर्जात आहे. कंपनीस पहिल्या ब्रह्मी युद्धासाठी पैसा हवा होता. १८२५ मध्ये गाजीउद्दीन हैदर याने तिला शेकडा पाच दराने एक कोट रुपये दिले. हे कर्ज फेडावयाचे नव्हते. मुद्दल कायमचे कंपनीकडे राहावयाचे आणि व्याज करारात लिहिलेल्या माणसांस व संस्थांस पिढ्यानपिढ्या मिळावयाचे, अशी अट होती. त्या यादीत वजीर आहे, बेगमा आहेत, आणि खुद्द गाजीउद्दीनची कबर जेथे आहे तो शाह नजफ इमामबाडाही आहे. आम्हांस विशेष वाटते ते असे की बेगमांच्या नावांबरोबर त्यांच्या नोकरांची व आश्रितांची तरतूदही त्याच करारात केलेली आढळते. दोन सत्तांमधील करारपत्रात नोकराच्या तनख्याची रक्कम यावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. राजा जाईल, कदाचित राज्यही जाईल, पण व्याज देणारा राहील, हा त्यामागील हिशेब. ज्याच्यापासून भय त्याच्याच तिजोरीत ठेव ठेवावी, हे दरबारी शहाणपण मोठे नमुनेदार म्हटले पाहिजे.

मुहम्मद अली शहाने १८३९ मध्ये हीच युक्ती हुसेनाबादच्या इमामबाड्यासाठी वापरली. लखनौस आलेला प्रत्येक मराठी पाहुणा छोटा इमामबाडा म्हणून जो पाहून जातो, तो हा. झुंबरे, हंड्या आणि आरसे यांनी तो इतका भरलेला आहे की युरोपीय प्रवाशांनी त्यास दिव्यांचा महाल म्हटले. दिवे आपोआप लागत नाहीत. मोहरमच्या रात्री ते लावावयास, काचा पुसावयास, मेणाचे डाग खरवडावयास माणसे लागतात, आणि मोहरम संपल्यावरही ती माणसे जेवतात. मुहम्मद अली शहाने वक्फपत्र करून रक्कम कंपनीच्या कर्जरोख्यांत गुंतविली आणि इमामबाड्याची डागडुजी, मोहरमचा खर्च, गोरगरिबांस अन्न व तेथील नोकरवर्गाचे पगार तिच्या व्याजातून चालावेत अशी व्यवस्था केली. म्हणजे येथल्या फरासाचा धनी वस्तुतः राजा नव्हताच. त्याचा धनी ती वास्तू होती.

या व्यवस्थेची परीक्षा सतराच वर्षांनी झाली. १८५६ च्या फेब्रुवारीत कंपनीने अवध खालसा केले. वाजिद अली शहाने तहनाम्यावर सही करण्याचे नाकारले आणि मार्चमध्ये तो कलकत्त्याकडे निघाला. त्याच्या मागे कैसरबागेत व छत्तर मंझिलमध्ये जो प्रचंड नोकरवर्ग राहिला त्याची भाकरी धन्याशी बांधलेली होती. फौजेतले हजारो शिपाई मोकळे झाले. त्यांतील काहींस नव्या पोलिसांत वा नव्या पलटणींत जागा मिळाली. तरवार चालविणाऱ्याची नव्या राज्यास भीती होती म्हणून त्याचा थोडाफार विचार झाला. झुंबर पुसणाऱ्याची भीती कोणास वाटणार? पेन्शनांची चौकशी लांबत गेली, आणि सर हेन्री लॉरेन्स १८५७ च्या मार्चमध्ये येथे आला तेव्हा तुंबलेली पेन्शने मोकळी करणे हे त्यास अगदी आरंभीच हाती घ्यावे लागले. तोवर फार उशीर झाला होता. मे महिना उजाडावयाचा होता.

१८५७ च्या नोव्हेंबरात शाह नजफपाशी घनघोर लढाई झाली. पुढे लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती आल्यावर आसफउद्दौल्याच्या मोठ्या इमामबाड्याचा लष्कराने किल्ला व शस्त्रागार केला, आणि तेथे मोहरमचे मातम कित्येक वर्षे होऊ शकले नाही. कैसरबागेचा बराच भाग पाडला गेला. असे असूनही १८२५ चे व्याज आणि १८३९ चे व्याज बुडाले नाही. ज्या सरकारने राज्य घेतले त्याच सरकारच्या वह्यांत ती रक्कम देणे म्हणून लिहिलेली होती, आणि इंग्रज राज्य बुडवीत असे पण कर्जरोखा सहसा बुडवीत नसे. हुसेनाबादेत दिवे पुन्हा लागले. १८७८ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज हुसेनाबाद व संलग्न न्यास या नावाने तो कारभार जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली चालतो.

परंतु या व्यवस्थेची आरती ओवाळण्यापूर्वी तिचे दोष सांगणे अवश्य आहे. पहिला असा की वास्तूशी बांधलेली चाकरी जातीशीही बांधलेली होती. झाडूवाल्याचा मुलगा झाडूवाला, हे त्या सुरक्षिततेचे दुसरे टोक. नोकरी जात नसे आणि नोकरीतून सुटकाही होत नसे. आपल्या गुरवाच्या वतनासही हेच लागू आहे, आणि महारकीच्या वतनाविषयी तर बोलावयासच नको. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी केवढा लढा दिला हे मराठी वाचकास ठाऊक आहे. दुसरा दोष, रक्कम रुपयांत गोठलेली होती. १८२५ चा रुपया आणि आजचा रुपया यांत काय नाते उरले आहे! लखनौच्या वसीका कचेरीतून नबाबांच्या वंशजांस व आश्रितांच्या वंशजांस अद्यापि वसीका मिळतो. पण वारसांत वाटण्या होत होत काहींच्या हाती महिन्यास दहा रुपयेही येत नाहीत. ते आणावयास जाण्याचे रिक्षाभाडे त्याहून अधिक पडते. तिसरा दोष निधीच्या विश्वस्तांचा. इंग्रजी अंमलात या निधीच्या शिलकेतून हुसेनाबादचा उंच घड्याळाचा मनोरा उभा राहिला. लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कूपर याच्या सन्मानार्थ १८८१ मध्ये त्याचे काम निघाले व १८८७ मध्ये पुरे झाले. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. मनोरा सुंदर आहे, यात वाद नाही. तथापि दिवाबत्तीच्या आणि अन्नदानाच्या पैशातून साहेबाचे स्मारक व्हावे, हे आम्हांस रुचत नाही.

मनोरा पुरा झाला त्याच वर्षी, १८८७ च्या सप्टेंबरात, कलकत्त्याच्या मटियाबुर्जात वाजिद अली शहा वारला. तेथे त्याने गंगेकाठी दुसरे लखनौच वसविले होते: कोठ्या, बागा, प्राणिसंग्रह आणि त्या साऱ्यांची देखभाल करणारी हजारो माणसे. कंपनीने ठरवून दिलेले बारा लाखांचे सालिना पेन्शन त्याच्याबरोबर संपले. मालमत्तेच्या विल्हेवाटीसाठी कायदा झाला, कोठ्या विकल्या गेल्या, जनावरे विकली गेली, आणि माणसे पांगली. अब्दुल हलीम शरर या उर्दू लेखकाचे बालपण मटियाबुर्जात गेले होते. जुन्या लखनौवरील त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात त्या वस्तीच्या वैभवाचे व अंताचे वर्णन आहे. तेथे राहिले ते सिब्तैनाबादचे इमामबाडे, जेथे खुद्द वाजिद अलीची कबर आहे. धर्मादायाची वास्तू टिकली, राजाची वस्ती गेली. लखनौत जे घडले तेच तीन दशकांनी कलकत्त्यास घडले.

आता आपण नबाबी मागे टाकून आजच्या काळाकडे येऊ, आणि त्यासाठी लखनौतील एकच इमारत पुरेशी आहे. कैसरबागेच्या नजीक तारेवाली कोठी म्हणून एक वास्तू आहे. नसीरउद्दीन हैदराने तेथे वेधशाळा काढली. कर्नल विल्कॉक्स हा तिचा ज्योतिषी १८४८ मध्ये वारला, आणि पुढील वर्षी वाजिद अली शहाने वेधशाळाच मोडून नोकरवर्गास रजा दिली. नबाबी अंमलातही सगळ्याच वास्तूंस वक्फाचे कवच नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. ताऱ्यांसाठी मोहरमसारखा निधी कोण ठेवणार? उपकरणे १८५७ मध्ये नष्ट झाली. फैजाबादचे मौलवी अहमदुल्ला शाह यांनी त्याच कोठीत आपला तळ दिला होता. पुढे कोठीत बँक आली. बँक ऑफ बेंगाल १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली, आणि १९५५ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

धनी पुन्हा बदलला. पण १८४९ प्रमाणे नोकरवर्गास रजा मिळाली नाही. स्टेट बँकेच्या कायद्याच्या सातव्या कलमाने ठरविले की इंपीरियल बँकेचा प्रत्येक अधिकारी व इतर कर्मचारी नेमलेल्या दिवसापासून स्टेट बँकेचा कर्मचारी होईल. तीच मुदत, तोच पगार, त्याच शर्ती. संचालक मंडळी तेवढी वगळली. म्हणजे शिपाई राहिला आणि संचालक गेले! इतिहासात हे उलटे दृश्य क्वचितच दिसते. पुढील वर्षी आयुर्विमा महामंडळाच्या कायद्यातही अशीच तरतूद आली. संसदेच्या मनात आले तर एका वाक्याने हजारो चुली पेटत्या राहतात, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

संसदेच्या मनात आले नाही तर काय होते, याचा धडा त्याच सुमारास आपल्या मुलखातून मिळाला. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातुरास जाणारी बार्शी लाइट रेल्वे कोणास ठाऊक नाही? वारकऱ्यांची ती छोटी गाडी एका विलायती कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने घेतली. कंपनीने सर्व नोकरांस नोटीस दिली की ३१ डिसेंबरास तुमची नोकरी संपली. इच्छा असेल त्यांस सरकार घेईल. बहुतेकांस घेतलेही, परंतु काहींस जुन्याहून कमी पगारावर घेतले. कामगार संघटनेचे अध्यक्ष, मीरत खटल्यातील एक आरोपी म्हणून प्रसिद्ध असलेले के. एन. जोगळेकर, यांनी कमी केलेल्या कामगारांस मिळणारी नुकसानभरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निर्णय झाला: धंदा बंद होणे वा धनी बदलणे म्हणजे कामगारकपात नव्हे, सबब भरपाई नाही.

या निर्णयाने सरकारही चपापले. १९५७ मध्ये आधी वटहुकूम व मग कायदा करून औद्योगिक विवाद कायद्यात नवे कलम घातले, आणि ते निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केले. त्याचा सारांश असा: धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर जुन्या धन्याने कामगारास नोटीस व भरपाई द्यावी, मात्र नव्या धन्याने नोकरीत खंड न पाडता, शर्ती न घटविता आणि मागील सेवा मोजून त्यास ठेविले तर भरपाई नको. वरवर पाहता हे न्याय्य दिसते. परंतु १९६२ मध्ये अनकापल्ले येथील साखर कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी त्याचा स्पष्ट अर्थ सांगितला, तो असा की कामगाराचा हक्क भरपाईचा आहे, नव्या धन्याकडे नोकरी मागण्याचा नव्हे. साताऱ्याच्या या विद्वान न्यायाधीशाची कामगारांविषयीची सहानुभूती सर्वश्रुत होती. तरीही कायद्यात जे नव्हते ते त्यांना देता आले नाही. फरासास पैसे मिळतील, दालन मिळणार नाही.

येथवर धनी बदलण्याचा विचार झाला. पण आजच्या इमारतीत धनी बदलतच नाही. बदलतो तो मधला ठेकेदार. कचेरी तीच, जिना तोच, झाडूही तोच. केवळ टेंडर दुसऱ्यास गेले. धन्याशी बांधलेला दोर निदान धन्याच्या हयातीएवढा लांब असे. ठेकेदाराशी बांधलेला दोर एक वर्षाचा. तुर्भ्याच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात हा प्रश्न प्रथम स्वच्छपणे पुढे आला. स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीने तेथील साफसफाईचे काम ठेक्याने दिले होते. कामगार होते ६७. कारखान्याच्या कायम नोकरांस भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा मिळे; यांस काही नाही, आणि ठेका संपला की नोकरीचीही शाश्वती नाही. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. हे काम नित्याचे आहे, कारखान्यास ते रोज लागते, पूर्णवेळ माणसे पुरविण्याइतके ते आहे. मग ठेका कशास? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा याच कसोट्यांवर उभा राहिला.

आणि मग ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. तिच्याकडे सरकारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या मालकीच्या वा ताब्यातील इमारतींची झाडलोट, साफसफाई, धूळ झटकणे व राखण या कामांवर कंत्राटी कामगार लावण्यास १ मार्च १९७७ पासून मनाई. उंच इमारतींची बाहेरून सफाई, जिला खास कसब लागते, तेवढी वगळली होती. इतका मोठा निर्णय इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच झाला असेल. लखनौच्या केंद्रीय कचेऱ्या व बँका त्याच्या कक्षेत आल्या. त्याची अंमलबजावणी कितपत झाली हे ज्याने त्याने आपल्या कचेरीपुरते आठवावे. मुंबईच्या एअर इंडियाच्या सफाई कामगारांनी मात्र तो धरून ठेवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ठेका बंद झाला तर कामगार आपोआप मूळ धन्याचा नोकर ठरतो. हे सुख पाचही वर्षे टिकले नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात तो निर्णय फिरविला, आणि प्रत्येक आस्थापनेचा स्वतंत्र विचार न करता काढली म्हणून १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरविली. ठेका हे केवळ सोंग असेल तर कामगार मूळ धन्याचा; एरवी कायम भरती करताना जुन्यांस प्राधान्य द्यावे, एवढे उरले.

परदेशांत हा प्रश्न नाही असे कोणी समजू नये. युरोपीय समुदायाने १९७७ मध्ये निर्देश काढून, व्यवसाय हस्तांतरित झाला तर कामगार त्याबरोबर जातो असे ठरविले. परंतु बॉन शहरातील एका शाळेने सफाईचा ठेकेदार बदलला तेव्हा युरोपच्या न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले की नुसता ठेका दुसऱ्यास गेला म्हणजे व्यवसाय हस्तांतरित झाला असे नव्हे. ब्रिटनने २००६ मध्ये नियम दुरुस्त करून ही फट बुजविली; तेथे सेवेचा ठेका बदलणे हेही हस्तांतरच मानले जाऊ लागले. न्यूयॉर्क नगरपालिकेने २००२ मध्ये सोपा मार्ग काढला: इमारतीचा मालक बदलो वा ठेकेदार बदलो, झाडणाऱ्या, लिफ्ट चालविणाऱ्या व दार राखणाऱ्या जुन्या माणसांस नव्याने नव्वद दिवस ठेवलेच पाहिजे, आणि मग त्यांच्या कामाकडे पाहून निर्णय घ्यावा. नव्वद दिवस म्हणजे फार नव्हे. पण ज्याने तुमचे काम पाहिलेच नाही त्याने तुम्हांस काढू नये, हे तत्त्व आम्हांस पटते.

महाराष्ट्राने पहारेकऱ्यांपुरता याहून मूलगामी उपाय १९८१ मध्येच केला होता. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर खासगी सुरक्षारक्षकांसाठी मंडळ स्थापण्यात आले. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, रजा व भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मंडळाकडे. मुख्य धनी बदलला तर रक्षक मंडळाकडे परत येतो आणि दुसऱ्या फाटकावर जातो. येथे भाकरी ना धन्याशी बांधली, ना वास्तूशी, ना ठेकेदाराशी. ती त्या धंद्याशी बांधली. वतनाची सुरक्षितता आली आणि वतनाची बेडी राहिली नाही. सफाई करणाऱ्या माणसांसाठी हेच का होऊ नये, याचे उत्तर आम्हांस अद्यापि कोणी दिलेले नाही.

उलट अलीकडे वारा दुसऱ्या दिशेस वाहत आहे. १९७० चा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. धनी बदलल्यास भरपाईचे कलम त्यांत आहे. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामावर कंत्राटी कामगार नको, असेही त्यांत आहे. पण गाभ्याचे काम कोणते नव्हे, याच्या यादीत झाडणे, पुसणे, धूळ झटकणे, पहारा व बागकाम स्पष्ट नावानिशी घातले आहे. १९७६ मध्ये ज्या कामांसाठी ठेका निषिद्ध ठरला होता, जवळजवळ त्याच शब्दांत तीच कामे आता ठेक्यास मोकळी झाली. त्यातल्या त्यात न्यायालयांचा सूर काहीसा पालटला आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ व प्रसन्न वराळे यांनी केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट करणाऱ्या व २०१८ मध्ये काढून टाकलेल्या स्त्रियांस कायम करण्याचा हुकूम दिला, आणि नित्याचे काम ठेक्यास देऊन जुनी माणसे घालविण्याच्या सरकारी रीतीवर कडक शब्दांत टीका केली.

लखनौतही हालचाल चालू आहे. २०२५ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने बाह्यसेवा कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र निगम स्थापण्यास मान्यता दिली. योजनेप्रमाणे एजन्सी निगम निवडील, पगार थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होईल, आणि नेमणूक तीन वर्षांपर्यंत राहील. हे महाराष्ट्राच्या मंडळासारखे दिसते खरे, पण एजन्सी त्यात कायम आहे. तीन वर्षांनी ती बदलली तर विधान भवनाची पायरी झाडणारा माणूस राहील की जाईल, हे करारपत्राच्या एखाद्या पोटकलमावर ठरणार. तशी करारपत्रे देशभरच्या कचेऱ्यांत लिहिली जात आहेत, आणि त्यांतील काहींचे मसुदे आमच्या वाचकांच्या मेजांवरूनच जाणार आहेत.